फॅनझिन : मालिका बंद पडली, गोष्ट चाहत्यांनी पुढे नेली

फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले हौशी नियतकालिक. ते विकून पैसे मिळवणे हा त्यामागचा हेतू नसतो. ‘फॅन’ आणि ‘मॅगझिन’ यांपासून बनलेला हा शब्द १९४० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथांच्या वाचकांमध्ये जन्मला. अशी नियतकालिके त्याआधी दहा वर्षांपासून निघत होती, पण त्यांत मुख्यतः चर्चा, पत्रे आणि परीक्षणे असत. टीव्ही मालिकेतील पात्रे घेऊन लिहिलेल्या नव्या कथांचे अंक मोठ्या संख्येने निघू लागले ते ‘स्टार ट्रेक’ या मालिकेमुळे. आज इंटरनेटवर ‘फॅन फिक्शन’ नावाने जे लेखन चालते, त्याची बरीचशी घडी या कागदी अंकांनी बसवली.

ओळखीची पात्रे, नवी गोष्ट

दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपल्या परीने पुन्हा सांगणे मराठीला नवे नाही. अचलपूर ज्या अमरावती जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तिच्या विवाहाची मूळ कथा संस्कृत पुराणांतली. महानुभाव कवी नरेंद्र यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस, तर संत एकनाथांनी सोळाव्या शतकात तिच्यावर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. विदर्भाची राजकन्या दमयंती हिची कथाही अशीच अनेकांनी सांगितली. श्रोत्यांना पात्रे आणि शेवट ठाऊक असायचा; कवी ती गोष्ट कशी खुलवतो याची उत्सुकता असायची.

फॅनझिनमधील कथेचा वाचकही पात्रे ओळखतच पान उघडतो. मात्र एक मोठा फरक आहे. पुराणकथा कोणा एकाच्या मालकीची नसते. टीव्ही मालिकेची पात्रे निर्मात्या कंपनीच्या मालकीची असतात.

‘स्टार ट्रेक’ आणि ‘स्पॉकनेलिया’

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. कप्तान कर्क, परग्रहावरचा तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हे ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानावरचे तिघे प्रेक्षकांचे लाडके झाले. दुसऱ्या वर्षी मालिका बंद होण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा ढीग पाठवला. तिसरे पर्व निघाले, पण १९६९ मध्ये ७९ भागांनंतर मालिका थांबलीच.

तोवर फॅनझिने सुरू झाली होती. डेव्हरा लँगसॅम आणि शर्ना कमरफर्ड यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधून काढलेले ‘स्पॉकनेलिया’ हे केवळ ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेले पहिले फॅनझिन मानले जाते. त्यात कथा, कविता, चित्रे आणि स्पॉकच्या ग्रहावरील चालीरीतींविषयी लेख होते. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांचे पत्रही पहिल्या अंकात होते. १९७० पर्यंत त्याचे पाच अंक निघाले. रूथ बर्मन यांचे ‘टी-निगेटिव्ह’ १९६९ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. स्पॉकच्या रक्तगटावरून त्याला हे नाव मिळाले होते. मालिका बंद असतानाच्या या दशकात नव्या गोष्टींची भूक मुख्यतः अशा अंकांनी भागवली. पडद्यावरचा पहिला चित्रपट आला तो १९७९ मध्ये.

अंक कसा निघायचा?

बहुतेक सुरुवातीचे अंक सायक्लोस्टाइलवर काढलेले असत. मेणाचा थर असलेल्या स्टेन्सिलवर रिबन बाजूला करून टंकलेखन करायचे, म्हणजे अक्षरांच्या जागी थर कापला जाई. चूक झाली तर द्रव लावून ती जागा बुजवायची आणि पुन्हा टंकायची. मग स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचे. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल निकामी होई. चित्रे सुईसारख्या टोकदार कलमाने स्टेन्सिलवरच कोरावी लागत.

छापलेली पाने टेबलावर ओळीने मांडून मित्रमैत्रिणी त्याभोवती फिरत आणि एकेक पान उचलून अंक जुळवत. शेवटी स्टेपल मारले की अंक तयार. किंमत कागद, शाई आणि टपालखर्च निघेल एवढीच. लेखकाला मानधन नाही. त्याच्या वाट्याला अंकाची एक प्रत आणि वाचकांची पत्रे. ही पत्रे पुढच्या अंकात छापली जात आणि त्यांतून कथांची रोखठोक चिकित्सा होई.

लिहिणाऱ्या बहुतेक बायका

त्या काळी विज्ञानकथांच्या जगात पुरुषांचे वर्चस्व होते. ‘स्टार ट्रेक’च्या फॅनझिनांत मात्र संपादन आणि लेखन करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. मालिकेत जे भरभर उरकले जाई, म्हणजे मैत्री, दुःख, घर, दोन संस्कृतींत वाढलेल्या स्पॉकची ओढाताण, त्यावर त्यांनी लांबलचक कथा लिहिल्या. जॅकलिन लिक्टनबर्ग यांच्या ‘क्रेथ’ या कथामालेत पुढे इतर अनेकांनी भर घातली.

आपल्याच लेखनातले दोषही या वर्तुळाने हेरले. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एका फॅनझिनमध्ये छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू साडेपंधरा वर्षांची, यानावरची सर्वांत तरुण अधिकारी, सगळ्या कामांत निष्णात आणि सगळ्यांची लाडकी. लेखक स्वतःलाच नायिका करून गोष्टीत घुसवतो, त्या सवयीची ही थट्टा होती. अशा निर्दोष पात्राला ‘मेरी स्यू’ म्हणण्याची पद्धत तिथून पडली.

काहींसाठी ही लेखनाची शाळाच ठरली. पुढे अनेक ह्युगो पुरस्कार मिळवणाऱ्या लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी तरुणपणी मैत्रिणीबरोबर ‘स्टार ट्रेक’चे फॅनझिन काढले होते. १९७६ मध्ये तर निवडक चाहतेकथांचा संग्रह व्यावसायिक प्रकाशकाने पुस्तकरूपात आणला.

मालकी कोणाची?

कायद्याच्या दृष्टीने हे लेखन नेहमीच नाजूक जागी उभे होते. ‘स्टार ट्रेक’च्या निर्मात्यांनी बहुतांशी काणाडोळा केला, कारण अंकांतून कोणी नफा कमवत नव्हते आणि मालिकेविषयीचे प्रेम टिकून राहत होते. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या कंपनीने १९८१ मध्ये प्रौढांसाठीच्या चाहतेकथांवरून फॅनझिन काढणाऱ्यांना ताकीद दिली होती.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि तिचे रूपांतर करण्याचा अधिकारही त्यात येतो. खासगी वापर, समीक्षा, परीक्षण अशा कारणांसाठी कायदा सवलत देतो. मात्र पैसे घेतले नाहीत एवढ्यावरून प्रत्येक कथेला आपोआप मोकळीक मिळत नाही. रुक्मिणीची गोष्ट कोणीही नव्याने लिहून छापू शकतो; आजच्या मालिकेतील नायकाची गोष्ट छापताना मालकाचा विचार करावा लागतो.

मराठीतली वाट

सायक्लोस्टाइलवर अंक काढण्याची धडपड मराठीनेही पाहिली. १९५०च्या दशकातले ‘शब्द’ आणि पुढची लघुनियतकालिके अशाच तुटपुंज्या साधनांवर निघाली. शाळा-महाविद्यालयांतील हस्तलिखितांची परंपरा तर त्याहून घरगुती. ‘स्टार ट्रेक’ १९८०च्या दशकात दूरदर्शनवरून भारतीय घरांत पोहोचली; पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी अंतराळमालिका आल्या.

मराठी विज्ञानकथेला नवे लेखक मिळाले ते मुख्यतः मासिके, दिवाळी अंक आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये याच स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. स्पर्धेला स्वतंत्र कथा लागते. ओळखीच्या पात्रांवर हात बसवण्याची मोकळीक फॅनझिन देते, आणि नवशिक्याला तिचाच आधार वाटतो.

कागदाचे पुढे काय?

१९९०च्या दशकात चाहतेकथा इंटरनेटवर सरकल्या. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या विनामूल्य संग्रहाला २०१९ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला. जुन्या अंकांच्या प्रती मात्र मुळातच थोड्या आणि कागद स्वस्तातला. म्हणून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हजारो फॅनझिने जतन केली आहेत. हस्तलिखिताची तर अनेकदा एकच प्रत असते. ती रद्दीत गेली की त्यातली गोष्टही गेली.