गोषवाऱ्यातून निसटलेले शिवार

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) आपल्याला गनिमी काव्यासाठी आठवतो. त्याची जमाबंदी मात्र क्वचितच. वसुली मक्त्याने देण्याची पद्धत मोडून त्याने जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवला. कोणत्या रानात काय पिकते, हा अहमदनगरच्या दप्तराचा इतका जुना प्रश्न आहे.

इंग्रजी अमदानीत, १८३५ नंतर, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीतून दख्खनमधल्या शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. पुढे तलाठ्याचे दप्तर एक ते एकवीस गाव नमुन्यांत बसले. पहिल्यात आकारबंद, सहाव्यात फेरफार, सातव्यात कब्जेदार, बाराव्यात पीक. वह्या निराळ्या, त्यांना जोडणारा धागा गट नंबराचा. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉडने रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली आणि १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी तिची प्रश्नभाषा सुचवली, तीच आजची एसक्यूएल. तलाठ्याच्या हाताला यातले मर्म नवे नव्हते.

एक उदाहरण घेऊ. दोन हेक्टरांचा गट, तीन कब्जेदार. एक हेक्टर बाजरी, एक हेक्टर तूर. सातवा आणि बारावा नमुना नुसता जॉइन केला, तर सहा ओळी येतात आणि बेरीज सहा हेक्टर भरते. अहवालाचे सॉफ्टवेअर याबद्दल चकार शब्द काढत नाही. रंगीत आलेख तेवढा काढून देते. जुन्या दप्तरात पीकवार गोषवाऱ्यासाठी अकरावा नमुना वेगळाच होता आणि तो बाराव्यावरूनच भरला जाई; कब्जेदारांची नावे त्या बेरजेत येतच नसत. आधी बेरीज, मग जोड, हे आज प्रगत क्वेरी म्हणून शिकवले जाते.

दुसरी चूक अधिक महागाची. पाथर्डी, जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पावसाने दगा दिला की काही गटांत पेरणीच होत नाही. साध्या जॉइनमध्ये असे गट शून्य म्हणूनही उरत नाहीत, यादीतूनच गळतात. मग पेरणीची टक्केवारी काढली, तर ती शंभर येते आणि दुष्काळ कागदावर नाहीसा होतो. त्यावर उपाय लेफ्ट जॉइनचा: सुरुवात पिकापासून न करता आकारबंदापासून करायची, म्हणजे गावातला प्रत्येक गट हजर राहतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवू लागला. त्यामुळे रिकाम्या ओळीचे आता दोन अर्थ होतात: पेरले नाही, किंवा पेरले पण नोंदवले नाही. पहिल्याला दुष्काळाची मदत हवी, दुसऱ्याला नोंदणीची. क्वेरी फार तर त्या गटांची यादी देईल. ती यादी हाती घेऊन कुणीतरी अहिल्यानगरच्या त्या शिवारात जायला हवे. मलिक अंबराच्या काळीही पीक पाहायला बांधावरच जावे लागे.