थँक्सगिव्हिंगच्या ताटातील क्रॅनबेरी : शब्दांची साक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा सण पाळला जातो. त्या दिवशी भाजलेल्या टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस वाढण्याचा रिवाज आहे. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाले व वाम्पानोआग लोक एकत्र जेवले, त्या भोजनापासून ही परंपरा अखंड चालत आली, अशी लोकसमजूत आहे. परंतु उपलब्ध लेख आणि शब्दांचा इतिहास यांची साक्ष निराळी आहे. फळ स्थानिक, त्याचे नाव जर्मन बोलीतले, त्यातील साखर कॅरिबियन बेटांवरची आणि सणाची कथा एकोणिसाव्या शतकातली, असे चार थर या एका पदार्थात आढळतात. ते वेगळे केल्याशिवाय मूळ रहिवाशांचा त्यातील वाटा नेमका कोणता, हे ठरविता येत नाही.

क्रॅनबेरी हे ईशान्य अमेरिकेतील आम्लधर्मी पाणथळ जमिनीत पसरणारे सदाहरित झुडूप होय. त्याची फळे शरदात पिकतात. रॉजर विल्यम्स यांनी नॅरागॅन्सेट भाषेचा परिचय करून देणारा ग्रंथ १६४३ साली लंडन येथे छापला. त्यात ‘ससेमिनिअश’ या नावाने गोड्या पाण्यात वाढणाऱ्या एका आंबट फळाची नोंद असून ते मुरविले असता ज्वरावर गुणकारी ठरते, असेही म्हटले आहे. हे फळ क्रॅनबेरीच होय, असे मानले जाते. या शब्दातील ‘मिन्’ हा अंश आल्गॉन्क्वियन भाषाकुलात फळाचा वाचक आहे व अंत्य ‘अश’ हा अचेतन नामांचा बहुवचनी प्रत्यय आहे. ओजिब्वे भाषेत याच फळाला ‘मश्कीगिमिन’, म्हणजे दलदलीतले फळ, म्हणतात.

इंग्लंडमध्येही या झुडुपाची एक लहान जात होती. तिला तेथील जुने वनस्पतिवेत्ते ‘फेनबेरी’ किंवा ‘मॉसबेरी’ म्हणत. या नावांचा अर्थही दलदलीशीच निगडित आहे. तरीही वसाहतींत रूढ झाले ते ‘क्रॅनबेरी’ हेच नाव. हे नाव उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशातील बोलींतून आले असून त्याचा अर्थ क्रौंच पक्ष्याचे फळ असा आहे. इंग्रजीतील त्याचे उल्लेख १६४० नंतरच्या दशकात मिळू लागतात. त्या काळच्या मिशनरी लेखांवरून स्थानिक लोक ही फळे गोळा करून वसाहतवाल्यांना विकत असत, असे कळते. पुढे अमेरिकेतील फळ लंडनला जाऊ लागले. जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६८६ मध्ये ते तेथे पाहून चाखल्याचे व गोड पोळ्यांत भरले जात असल्याचे नमूद केले आहे. फळाबरोबर नावही इंग्लंडात पोचले आणि कालांतराने तेथील मूळच्या जातीलाही तेच लागू झाले.

आता १६२१ च्या भोजनाकडे वळावे. त्याचे समकालीन वर्णन एडवर्ड विन्स्लो यांच्या त्याच वर्षीच्या डिसेंबरातील पत्रात आहे. शिकारीचे पक्षी, मॅसॅसॉइट या प्रमुखाबरोबर आलेले सुमारे ९० पुरुष आणि त्यांनी आणलेली पाच हरणे, यांचा त्यात निर्देश आहे, क्रॅनबेरीचा नाही. शिवाय या अतिआंबट फळाचा सॉस करण्यास भरपूर साखर हवी आणि त्या नवख्या वसाहतीत ती दुर्मिळ होती. मात्र १६७२ साली जॉन जॉसेलिन यांनी इंग्रज व स्थानिक हे दोघेही साखरेत शिजविलेल्या क्रॅनबेरीचा सॉस मांसाबरोबर खातात, असे लिहिले आहे. मधल्या पन्नास वर्षांत काय बदलले? बार्बाडोस बेटावर गुलाम आफ्रिकनांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले होते आणि न्यू इंग्लंडचा त्या बेटांशी व्यापार वाढला होता. या सॉसच्या गोडव्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

या पदार्थाचा टिकाव त्याच्या गुणधर्मांतही आहे. फळात आम्ल व पेक्टिन विपुल असते. उकळताना साल फुटून पेक्टिन रसात उतरते व साखर आणि आम्ल यांच्या संयोगाने निवल्यावर घट्ट होते. फळातील नैसर्गिक बेंझोइक आम्लामुळे ते दीर्घकाळ टिकते. त्यामुळे शरदातले पीक हिवाळ्याच्या सणांपर्यंत घरात राहू शके.

टर्की व क्रॅनबेरी सॉस यांची जोडी पाककृतीत स्पष्टपणे आढळते ती अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पुस्तकात. त्यात सॉसच्या जोडीला ‘मँगो’ वाढण्याचीही सूचना आहे. हा ‘मँगो’ म्हणजे आंबा नव्हे. दक्षिण भारतातील ‘मांगा’ हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत इंग्रजीत गेला. परंतु आंबा तिकडे मुख्यतः लोणच्याच्या रूपाने पोचल्यामुळे त्या शब्दाने मसाला भरून आंबविलेल्या खरबुजासारख्या फळांचाही बोध होऊ लागला. सिमन्स यांच्या पुस्तकात खरबुजाचा ‘मँगो’ करण्याची कृतीच दिली आहे. येथे नाव फळाला सोडून दूर गेले. क्रॅनबेरीच्या बाबतीत फळ आपल्या नावाला मुकले.

सणाची कथा याहूनही अलीकडची आहे. १६२१ च्या भोजनाला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे अभिधान १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग यांनी एका तळटीपेत दिले. सॅरा जोसेफा हेल यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रचारानंतर १८६३ साली, यादवी युद्धाच्या काळात, लिंकन यांनी राष्ट्रीय सणाची घोषणा केली. दरम्यान केप कॉड येथे १८१६ च्या सुमारास हेन्री हॉल यांनी वाऱ्याने वाळू पसरल्यास हे झुडूप जोमाने वाढते, असे पाहून लागवड आरंभिली होती. १९१२ मध्ये मार्कस युरन यांनी सॉस डबाबंद करण्यास प्रारंभ केला आणि हा प्रादेशिक पदार्थ देशभर पोचला. १९५९ च्या नोव्हेंबरात काही पिकात तणनाशकाचा अंश आढळल्याची सरकारी घोषणा होताच ऐन सणात देशभर खळबळ उडाली. तोवर पदार्थ व सण यांचे नाते किती दृढ झाले होते, हे त्यावरून दिसते.

या कथेत वाम्पानोआग लोक केवळ एका भोजनाचे पाहुणे म्हणून उरले. या चित्राला त्यांनी स्वतःच हरकत घेतली असून १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळला जातो. दुसरीकडे, मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील अ‍ॅक्विना वाम्पानोआग लोक ऑक्टोबरात आपला क्रॅनबेरी-दिन साजरा करतात. तो १६२१ च्या भोजनाचा नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या भूमीतील सुगीचा सण आहे. त्यांच्या भाषेचे जन्मजात भाषक शंभराहून अधिक वर्षे उरले नव्हते. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांच्या पुढाकाराने तिच्या पुनरुज्जीवनाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी जॉन एलियट यांनी १६६३ मध्ये छापलेले त्या भाषेतील बायबल आणि वाम्पानोआग लोकांनीच लिहिलेले जुने दस्तऐवज आधारभूत ठरले. सारांश, शब्दसंग्रह व व्याकरण यांच्या नोंदी या केवळ भाषाभ्यासाची सामग्री नसतात. सणाच्या रूढ कथेतून ज्यांचा वाटा गळाला, त्यांचा पुरावा बहुधा अशाच नोंदींत जपलेला असतो.