तहानेने राखलेला किनारा

टायरमधली हवा थोडी सोडा. ४२ मिलिमीटर रुंदीच्या टायरला डांबरावर जेवढी हवा लागते, तेवढी पुढे नको. खडीवर टायर दबला पाहिजे, उसळता कामा नये. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, काबो दे गाताच्या दीपगृहाजवळून चढत आलेला चिंचोळा रस्ता वेला ब्लांकाच्या जुन्या टेहळणी बुरुजापाशी संपतो आणि फाटक आडवं येतं. मोटारींना पुढे मनाई आहे. तुम्ही सायकल कडेच्या फटीतून काढता. मागे खाली मिठागरं, त्यांत उभे फ्लेमिंगो आणि १८६३ सालचं दीपगृह. पश्चिमेचा वारा, ज्याला इथे पोनिएंते म्हणतात, पाठीशी आहे. पुढे मुरूम, उतार आणि कुठलंही शतक.

पहिल्याच वळणावर तुम्ही सुमारे एक कोटी वर्षं मागे जाता. ब्रेकवरची बोटं सोडू नका. डोंगराची धार उरलेली नाही, तिच्या जागी ज्वालामुखींची रांग आहे आणि त्यातले कित्येक पाण्याखालीच फुटताहेत. लाव्हा समुद्रात शिरतो, थिजतो, त्यावर राख बसते, राखेवर पुन्हा लाव्हा. त्याच थरांवर आत्ता तुमचं मागचं चाक घसरतंय. पायवाटेवरचा तांबूस, धारदार दगड त्या आगीतूनच आलेला. खाली मोन्सुलच्या पुळणीत वाळूतून एकटाच वर आलेला भलाथोरला खडक म्हणजे गोठलेला लाव्हाच. १९८८ साली इथे इंडियाना जोन्सच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं. त्यासाठी थांबायला नको, वाळू खोल आहे. सायकल खांद्यावर घ्या आणि टणक वाट पुन्हा लागली की बसा.

पुढचा उपसागर हेनोवेसेस, अर्धचंद्राकार आणि आजही जवळजवळ कोरा. पण तुम्ही पोहोचता ते ११४७ मध्ये. पाण्यावर जेनोव्याची गलबतं दाटली आहेत. कास्तियाचा राजा सातवा आल्फोन्सो आल्मेरिया शहर मुसलमान राजवटीकडून जिंकायला निघाला आहे आणि हे जेनोवेकर त्याच्या मदतीला आले आहेत. त्यांच्यावरूनच उपसागराला नाव मिळालं. शहर पडतं, दहा वर्षांनी पुन्हा हातचं जातं. या उपसागरात मात्र कोणी राहत नाही. आडोसा उत्तम, मासळी भरपूर, तरीही गाव वसत नाही. कारण तुमच्या पिण्याच्या बाटलीत आहे, आणि ती अर्धी झाली आहे.

इथे वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. कोकणात जुलैच्या एका झडीच्या दिवसात पडावा तेवढा, बारा महिन्यांत. युरोपातल्या सर्वांत कोरड्या भूभागांपैकी हा एक. १९८७ साली अंदालुसियाच्या सरकारने हा प्रदेश निसर्ग उद्यान जाहीर केला. जमीन सुमारे ३८,००० हेक्टर आणि तिला लागून समुद्राचा १२,००० हेक्टरांचा पट्टा. पण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून या किनाऱ्याची राखण तहानच करत होती, असं मला मनापासून वाटतं. कायदा फार उशिरा आला.

आणि कायद्याआधी एक नकारही होता. मोन्सुल आणि हेनोवेसेसच्या मागची जमीन एका कुटुंबाची होती. दोन्या पाकिता या नावाने सगळा आल्मेरिया ओळखायचा, त्या बाईंनी ती बांधकामासाठी विकली नाही. भूमध्य समुद्राचा बाकीचा स्पॅनिश किनारा हॉटेलांखाली जात असताना त्यांनी घेतलेल्या या निर्णयाची किंमत पैशांत मांडणं कठीण आहे. उलट बाजू बघायची असेल तर चाकं क्षणभर उत्तरेला, उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला वळवा. २००३ मध्ये कार्बोनेरासजवळ अल्गारोबिकोच्या पुळणीवर ४०० हून अधिक खोल्यांचं हॉटेल उभं राहायला लागलं. २००६ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही ती जागा बांधकामाला खुली नसल्याचा निकाल दिला. पांढरा सांगाडा एकाही पाहुण्याशिवाय वर्षानुवर्षं टेकडीला चिकटून उभा राहिला. उपसागराकडे परत या. इथल्या काठावर काही नाही, ते बघून घ्या.

सान होसे ओलांडून पोसो दे लोस फ्राइलेस लागतं. गावाच्या मध्यात जुना रहाट जपून ठेवला आहे. तुम्ही सायकल टेकवेपर्यंत शतक बदलतं आणि रहाट चालायला लागतो. डोळे बांधलेलं खेचर गोल फिरतंय, लाकडी दात एकमेकांत अडकताहेत, गाडगी भरून वर येताहेत आणि पन्हळीत रिकामी होताहेत. अरबांनी इथे रुजवलेलं हे तंत्र. ज्याला रहाटगाडगं ठाऊक आहे त्याला काही समजवावं लागत नाही. पाळी कुणाची, पाणी किती घटका, यावरून दोन माणसं भांडताहेत आणि भाषा न कळताही भांडणाचा विषय कळतो. रानात पुढे ठिकठिकाणी दगडी, अर्धगोल छताचे हौद दिसतील. डोंगरउतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी त्यांत साठवायचं, छत अशासाठी की उन्हाने त्याची वाफ होऊ नये.

वाटेच्या कडेला बघत चला. जमिनीलगत पसरलेले ठेंगणे ताड हे युरोपच्या मुख्य भूमीवरचे मूळचे ताड. काटेरी गोल जाळी दिसते ती आपल्या बोरीच्या कुळातली. वाळूत खोल मुळं घालून ती तग धरते, आणि तिचे काटे टायरच्या मुळावर येतात, म्हणून टायरमध्ये भोक बुजवणारं द्रव्य असू द्या. मग सरळ ओळींत घायपात. हे रान नव्हे, शेत आहे. १९५० च्या दशकात दोरखंडांसाठी इथे घायपाताची लागवड झाली, नंतर कृत्रिम धाग्यांनी तिचा बाजार मोडला. ओळी तशाच राहिल्या. एखादी तुर्रेदार दांडी आकाशात चढते, फुलते आणि झाड संपतं.

रोदाल्किलारच्या खोऱ्यात उतरताना दोन काळ एकमेकांत घुसतात. डावीकडे चौकोनी दगडी बुरूज, तुरटीचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे तुरटी काढत. कापडाचा रंग पक्का करायला आणि कातडं कमवायला ती लागे. १५२० सालची ती रात्र तुम्हाला बघायची नसेल, पण वाट तिथूनच जाते. उत्तर आफ्रिकेकडून आलेले चाचे समुद्राकडून चढतात, आरडाओरडा होतो, माणसं बांधून नेली जातात. समुद्र इथे नेहमीच मोकळा होता, म्हणूनच माणसं त्याच्याकडे पाठ करून राहिली.

समोर, गावाच्या वर, काँक्रीटच्या पायऱ्यापायऱ्यांचा सांगाडा: सोन्याचा कारखाना. १८८० च्या दशकात इथला गारगोटीचा दगड शिसं वितळवणाऱ्या भट्ट्यांमध्ये मिसळण्यासाठी जायचा आणि भट्टीतून निघालेल्या धातूत सोनं सापडायला लागलं. तेव्हापासून खोरं सोन्यामागे लागलं. तुम्ही पोहोचता १९५६ च्या मे महिन्यात. सरकारी कंपनीच्या नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला खुद्द फ्रँको आला आहे. झेंडे, गणवेश, टाळ्या. सोहळा सोडून पुढे सरका आणि कामाची पाळी बघा. वरच्या टप्प्यात दगड फुटतो, खालच्यात त्याचं पीठ होतं, मग मोठ्या गोल टाक्यांत सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून वेगळं काढतात. एक टन दगडातून निघणार काही ग्रॅम. धूळ इतकी की माणसांच्या पापण्या पांढऱ्या. ही धूळ फुप्फुसात बसते आणि राहते, खाणकामगारांच्या अनेक घरांत सिलिकोसिस हा शब्द देवाच्या नावाइतकाच ओळखीचा झाला. दहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, कारखाना बंद. पुरेसं सोनं निघेना. कुटुंबं सामान बांधून गेली, घरांची छतं खचली. आज त्याच गावात उद्यानाची कार्यालयं आहेत आणि इथल्या कोरड्या प्रदेशातल्या झाडांची बाग. कारखान्याच्या वरून चढणारी खाणीची वाट मात्र आजही उत्तम. लहान गिअर लावा, वजन मागच्या चाकावर ठेवा. दोन्ही बाजूंना पोखरलेले डोंगर, तोंडं जाळीने बंद केलेले बोगदे.

माथ्यापलीकडे जमीन सपाट होते आणि दूर एकटं, पडकं घर दिसतं. कोर्तिहो देल फ्राइले, अठराव्या शतकात डोमिनिकन साधूंनी बांधलेला शेतवाडा. इथे १९२८ च्या जुलैत या. २२ तारखेच्या पहाटे लग्न आहे. पाहुणे जमले आहेत, आणि नवरी नात्यातल्या एका भावाबरोबर खेचरावर बसून पळून गेली आहे. थोड्याच अंतरावर त्यांना गाठलं गेलं. तो गोळ्यांनी मेला, तिला गळा दाबून मेली म्हणून टाकून दिलं. ती जगली, आणि म्हातारी होईपर्यंत याच मुलखात गप्प जगली. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवरून स्पॅनिश नाटककार लोर्काने ‘बोदास दे सांग्रे’ हे नाटक लिहिलं, १९३३ मध्ये ते माद्रिदच्या रंगमंचावर आलं आणि जगभर गेलं. मला इथे उभं राहून आठवते ती दुसरी लेखिका. कार्मेन दे बुर्गोस याच रोदाल्किलारच्या खोऱ्यात वाढली, स्पेनची पहिली महिला युद्धवार्ताहर झाली आणि लोर्काच्या दोन वर्षं आधी, १९३१ मध्ये, तिने हीच गोष्ट कादंबरिकेत लिहिली. तिच्या गोष्टीत प्रेमिक पळून जातात आणि निसटतात. ही माती, हे ऊन आणि इथल्या बायकांचं जिणं जिने जवळून पाहिलं, तिने त्या मुलीला सुटका दिली. लोर्काचं नाटक थोर आहेच, पण या अंगणात मला बुर्गोसचा शेवट अधिक धाडसी वाटतो.

लोस आल्बारिकोकेसच्या दिशेने उतार सोपा आहे, फक्त आडव्या सऱ्यांनी मनगटं भरून येतात. गावात एक दगडी खळं आहे, धान्य मळायचं. १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ची शेवटची गोळीबाराची लढत सर्जिओ लिओनेने अशाच गोल खळ्यात घेतली, आणि गावाने गल्ल्यांना नटांची नावं दिली. त्या गल्ल्यांपलीकडे आजचं वर्ष सुरू होतं: नीहारच्या मैदानावर क्षितिजापर्यंत प्लॅस्टिकची छपरं. खाली टोमॅटो, मिरच्या, काकड्या, युरोपभरच्या बाजारांसाठी. आत वाकून काम करणाऱ्यांत मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेले पुष्कळ. पाणी खोल विहिरींतून येतं, आणि कार्बोनेरासच्या मोठ्या प्रकल्पातून, समुद्राचं मीठ काढून. ज्या तहानेने जेनोवेकरांच्या उपसागरात गाव वसू दिलं नाही, ती आता नळाने भागते. उद्यानाची हद्द पाळायला आता फक्त कायदा, वनरक्षक आणि नकार देणारी माणसं आहेत. खानावळीत बाटली भरून घ्या. परतीला पोनिएंते तोंडावर असेल आणि चढ लांब आहे.