पासा आणि गंजिफा

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरांवर असलेल्या वेरूळच्या १४ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसल्याचे शिल्प आहे. आणि पास्कल व फर्मा यांनी १६५४ साली पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, त्याच्या सुमारे हजार वर्षे आधी दैवाच्या खेळाला देवांच्या संसारात स्थान देणाऱ्या त्या शिल्पकारांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

पाशाला स्मृती नसते. सारीपाटाच्या निर्दोष, लांबट पाशाची इच्छित बाजू पडण्याची संभाव्यता चारांत एक. ती पडून गेल्यावर पुन्हा तीच पडण्याचीही चारांत एक. म्हणून लागोपाठ दोनदा पडण्याची सोळांत एक. पहिल्या दानाचा दुसऱ्यावर कसलाही अंमल चालत नाही.

गंजिफांच्या पत्त्यांचा कायदा निराळा. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे या देशात दशावतारी गंजिफा घडली, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती कला जतन केली. दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० पाने, आणि त्यांत राजे दहा. पहिला राजा निघून बाजूस पडताच उरलेल्या ११९ पानांत नऊच राजे राहतात, आणि दुसऱ्याची संभाव्यता तेवढ्याने घटते. गेलेल्या पानांचा हिशेब मनाच्या दफ्तरी ठेवणारा खेळाडू येथे लाभात राहतो; पाशांचा तसाच हिशेब ठेवणारा मात्र व्यर्थ शिणतो.

वेरूळला जाणाऱ्याने कैलास पाहून माघारी न फिरता २९ व्या लेण्यापर्यंत अवश्य जावे.