नऊ धावा आणि एक न झालेला अल्बम

संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारताना कानात काय लावायचं, हा माझा रोजचा प्रश्न असतो. मागच्या पावसाळ्यात एका मित्रानं लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, ‘क्रिकेटवर आहे, पूर्ण ऐक.’ मला वाटलं वर्ल्ड कपचं एखादं ढोल-ताशेवालं गाणं असेल. लावलं तर पियानो, गिटार, मधेच बँडबाजा आणि दोन माणसं अगदी गंभीर आवाजात विनोद करत होती. एक गाणं नाणेफेकीवर होतं, एक पावसानं थांबलेल्या खेळावर, तर एक चक्क नाइटवॉचमनवर. शालिनी पॅलेसपर्यंत पोचेस्तोवर मी एकटाच हसत होतो आणि भेळवाले माझ्याकडे बघत होते.

अल्बमचं नाव ‘द डकवर्थ लुईस मेथड’, बँडचं नावही तेच. 2009 साली, इंग्लंडमध्ये ॲशेस सुरू होण्याच्या सुमारास तो आला. करणारे दोघे म्हणजे ‘द डिव्हाइन कॉमेडी’वाला नील हॅनन आणि ‘पगवॉश’वाला थॉमस वॉल्श. अल्बमला पुढच्या वर्षी आयव्हर नोव्हेलो पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि 2013 साली ‘स्टिकी विकेट्स’ नावाचा दुसरा भागही आला. पावसानं सामन्याचा विचका केल्यावर ज्यांचं गणित आपल्याला कधीच कळत नाही, त्या फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन संख्याशास्त्रज्ञांचं नाव पॉप बँडला द्यायचं, इथूनच खोडी सुरू होते.

त्यातलं माझं आवडतं गाणं ‘जिगरी पोकरी’. 4 जून 1993, ओल्ड ट्रॅफर्ड. शेन वॉर्नचा ॲशेसमधला पहिलाच चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडतो, वळतो आणि माइक गॅटिंगचा ऑफ स्टंप घेऊन जातो. यूट्यूबवर तुम्ही तो पाहिला असेलच. कुठलाही गीतकार वॉर्नच्या बाजूनं लिहिता. या दोघांनी लिहिलंय गॅटिंगच्या बाजूनं. म्हणजे ज्याचा पोपट झाला, तोच आपली कैफियत गातो. मला यातच सगळी गंमत सापडली. विजयाची गाणी पैशाला पासरी मिळतात, पण बाद झालेल्या माणसाचं गाणं हसत हसत करायला वेगळी दृष्टी लागते.

आणि हे दोघे इंग्लंडचे नाहीत, आयरिश आहेत. आयर्लंडचं काळीज हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलमध्ये. तिथल्या गेलिक क्रीडा संघटनेनं तर सभासदांना क्रिकेटसारखे ‘परके’ खेळ खेळायला, अगदी बघायलासुद्धा बंदी घातली होती. ती उठली 1971 साली. म्हणजे क्रिकेट हा तिकडे साहेबाचा खेळ, थोडा संशयाचा आणि शेजारच्या घरातून ऐकू येणारा. 2007 च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडनं पाकिस्तानला हरवलं तेव्हा कुठे सगळ्या देशाचं तिकडे लक्ष गेलं. हॅनन आणि वॉल्श क्रिकेटवर प्रेम करतात ते असं थोडं लांबून. म्हणूनच त्यांना त्यातला वेडेपणा दिसतो. पांढरे कपडे, चहाची सुट्टी, पाच दिवस खेळून बरोबरी. जो खेळाच्या आत बुडालेला असतो त्याला हे हास्यास्पद वाटत नाही.

हे ऐकता ऐकता मला साहजिकच वाटलं, आपल्याकडे असं काय आहे?

मराठीत क्रिकेटचं गाणं म्हटलं की पहिलं नाव सुनील गावसकरांचं. खेळाडू म्हणून नव्हे, गायक म्हणून. शांताराम नांदगावकरांचे शब्द आणि गावसकरांचा सरळसोट, न लाजणारा आवाज. तुमच्या आईबाबांना विचारा, दोन ओळी नक्की म्हणून दाखवतील. हाच माणूस 1980 साली ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायकही झाला होता. गाणं मला मनापासून आवडतं, पण त्याचा सूर उपदेशाचा आहे. क्रिकेट म्हणजे आयुष्य, इथे थांबायला सवड नाही आणि चूक केली की संपलं. क्रिकेट तिथे दाखला म्हणून येतं. पायचीत झालेल्या माणसाची पंचाकडे बघतानाची नजर किंवा स्लिपमध्ये झेल सोडल्यावर बूट न्याहाळणारा माणूस त्यात सापडत नाही.

गंमत म्हणजे गावसकर गायच्या आधी त्यांच्यावर गाणं झालेलं होतं, तेही त्रिनिदादमध्ये. 1971 चा वेस्ट इंडीज दौरा, अजित वाडेकर कप्तान, पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा. शेवटच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला 124 आणि 220. तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकानं त्यावर कॅलिप्सो रचलं. आपल्या गोलंदाजांना हा पोरगा बादच करता येत नाही, अशी स्वतःच्याच संघाची उडवलेली टर. कॅलिप्सोवाल्यांची ही जुनी सवय. 1950 साली वेस्ट इंडीजनं लॉर्ड्सवर इंग्लंडला 326 धावांनी हरवलं तेव्हा लॉर्ड बिगिनरनं रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या जोडगोळीला गाण्यात कायमचं बसवलं. तेव्हा जिंकल्यावर गायले आणि 1971 ला हरल्यावरही गायले.

आपण हरल्यावर गात नाही. जिंकल्यावर गातो, तेही ताठ उभं राहून. 1983 चा वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाकडे खेळाडूंना द्यायला पुरेसे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्यासाठी इंदीवर यांनी गीत लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली आणि खेळाडूही स्टेजवर कोरसला उभे राहिले. ही गोष्ट मोठीच आहे. पण ते गाणं विश्वविजयाचं होतं. टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध 5 बाद 17 असताना ड्रेसिंग रूममध्ये काय पळापळ झाली असेल, याचं नव्हतं.

लताबाईंचं नाव निघालं की आम्हा कोल्हापूरकरांची मान जरा वर होते. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या उमेदवारी करत होत्या तेव्हा इथेच राहायच्या. ‘प्रभात’ही 1929 साली इथेच सुरू झाली आणि नंतर पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथलाच. पोवाडा म्हणाल तर पिराजीराव सरनाईकांसारखा शाहीर इथला. गाणं, सिनेमा, शाहिरी, सगळं गावात. आणि एक अफाट क्रिकेटची गोष्टही गावात. तरी या दोघांची गाठ काही पडली नाही. ती गोष्ट सांगतो.

भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, 12 डिसेंबर 1919. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर रणजीचा सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड 238 धावांत आटोपलं. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली आणि संपेचना. निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावा जोडल्या. भांडारकर 205 वर गेले, निंबाळकर थांबले नाहीत. दोनशे झाले, तीनशे झाले, चारशे झाले. तिसऱ्या दिवशी खेळ मधल्या सुट्टीसाठी थांबला तेव्हा फलकावर 4 बाद 826 होते आणि निंबाळकर 443 वर नाबाद.

तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा होता, 1930 सालचा नाबाद 452. नऊ धावांचं अंतर. ज्या माणसानं 49 चौकार मारलेत त्याला नऊ धावा म्हणजे फार तर दोन षटकं.

काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. दोन षटकं द्या, विक्रम होईल, अशी विनवणी झाली. नाही म्हणजे नाही. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाच्या पुस्तकात नको, असं त्यांना वाटलं म्हणतात. सामान आवरलं, मंडळी स्टेशनवर गेली, सामना सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला. निंबाळकर पॅड बांधून 443 वर राहिले ते राहिलेच.

आता सांगा, हे गाणं नाही तर काय आहे? राजा रुसतो, चेंडू उचलतो आणि घरी जातो. गल्लीत ज्याची बॅट असते तो पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यावर करतो, तेच. फक्त इथे बॅटवाल्याच्या जागी एक संस्थानिक आहे आणि बाहेर संस्थानं विसर्जित होताहेत. काठियावाडातली संस्थानं त्याच वर्षी सौराष्ट्रात विलीन झाली होती. आमचं कोल्हापूर तर तेव्हाही वेगळं संस्थानच होतं, ते मुंबई राज्यात गेलं 1 मार्च 1949 ला. देशाचे नकाशे रोज बदलत होते आणि एका ठाकोरसाहेबांच्या हातात अजून एक अधिकार शिल्लक होता, ‘मी खेळणार नाही’ म्हणण्याचा. आयरिश अल्बममध्ये इंग्लंडमधल्या हौशी साहेबलोक आणि पगारी खेळाडू यांच्या भेदावर एक गाणं आहे. आमच्याकडे त्याहून भारी ऐवज पडून होता.

मग पोवाडा का झाला नाही? त्या वर्षाचा हिशेब मांडला की थोडं समजतं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत 1948 च्या सुरुवातीलाच जयप्रभा भस्मसात झाला होता. संस्थान राहणार की जाणार याची गावाला काळजी. पुण्यात कोण किती धावांवर अडकलं, हे कोणाच्या डोक्यात शिरणार? दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. हे गाव मुळात क्रिकेटचं नाहीच. इथे शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असली की पेठा ओस पडतात. कुस्ती आणि फुटबॉल यात गावाचा जीव. क्रिकेट टीव्हीवर सगळे बघतात, पण त्यासाठी भांडत नाहीत.

आयर्लंडचं ऐकल्यावर मात्र हेच कारण मला उलटं दिसायला लागलं. क्रिकेटवर हसरा अल्बम मुंबई करणार नाही. शिवाजी पार्कात क्रिकेट हा विनोदाचा विषय नव्हे. तो करावा कोल्हापूरनं, कारण आमचं प्रेम थोडं लांबचं आहे. शिवाय भाषासुद्धा आमच्याच बाजूची. मराठीत फलंदाज पायचीत होतो, धावचीत होतो, यष्टिचीत होतो, त्रिफळाचीत होतो. हा ‘चीत’ कुठून आला? थेट लाल मातीतून. पाठ टेकली की पैलवान चीत. डावही तिथलाच. म्हणजे ज्यांनी कोणी हा साहेबी खेळ मराठीत आणला, त्यांनी तो आखाड्यात उतरवून आणला. एका लांबलचक खेळाच्या शेवटी अंगाला माती लागलेला माणूस उभा करणारी भाषा आहे ही. हलगीच्या ठेक्यावर ‘पायचीत’ म्हणून बघा, शब्द आपोआप तालात बसतो.

निंबाळकर कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत 80 सामने, 4841 धावा, सरासरी जवळपास 48, तरी एकही कसोटी नाही. कसोटी न खेळलेल्या माणसाची जगातली सगळ्यात मोठी खेळी त्यांच्याच नावावर आहे. पुढे हनीफ मोहम्मदनं 499 केल्या, लारानं नाबाद 501, पण रणजीत 443 च्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही. ब्रॅडमननं त्यांना आपल्या खेळीपेक्षा तुमची खेळी सरस असं कळवलं होतं, असं सांगतात. 11 डिसेंबर 2012 ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरातच गेले. इथेही एक दिवस कमी पडला. हे मी रचलेलं नाही, तारखाच तशा आहेत.

मी शाळेत असताना सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हा आकडा पाठ केला होता. प्रश्न आणि पुढे एका ओळीत उत्तर. ठाकोरसाहेब, स्टेशन, नऊ धावा, यातलं काही त्या ओळीत नव्हतं. 1971 चे 774 त्रिनिदादमधल्या माणसाला गुणगुणता येतात. आमचे 443 आम्हाला फक्त लिहिता येतात.

त्या संध्याकाळी परत येताना मामाच्या घरी गेलो. मामा सत्तरीपुढचा, ट्रान्झिस्टरवर बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठा झालेला.

“काय ऐकायलाईस रं कानात घालून?”

मी एक बाजू त्याच्या कानात घातली. इंग्रजी शब्द त्याला सगळे कळले नसणार, पण पावसाचं गाणं लागल्यावर मान हलवायला लागला. मग मी निंबाळकरांचा विषय काढला. म्हटलं, मामा, असा एक अल्बम मराठीत करायचा, पहिलं गाणं भाऊसाहेबांचं. नाव पण ठरलंय, ‘नऊ धावा’.

मामानं कानातलं काढून माझ्या हातात ठेवलं.

“नऊ न्हवं, धा. नवात नुसती बरोबरी हुतीया.”

नाव बदलावं लागणार.