पावसाचे महिने ठरवतात रानाची श्रीमंती

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ रोजी चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत साधारण एवढा पाऊस पडायला अख्खे वर्ष लागते. एकाच जिल्ह्यात एका टोकाला सदाहरित जंगल आणि दुसऱ्या टोकाला गवताळ माळ का, याचे उत्तर या तफावतीत आहे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. पलीकडे उतरताना ते कोरडे व उष्ण होतात. त्यामुळे बारामती, इंदापूर हा भाग पर्जन्यछायेत येतो.

मात्र केवळ एकूण पाऊस पाहून भागत नाही. तो किती महिने पडतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. केरळच्या घाटात वळवाचा आणि परतीचाही पाऊस भरपूर असल्याने कोरडे महिने कमी असतात. भीमाशंकर, महाबळेश्वर परिसरात पाऊस प्रचंड, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सदाहरित वृक्षाला उरलेले सात-आठ महिने पाने हिरवी राखून पाणी पुरवावे लागते. ओल संपली, की खोडातील जलवाहिन्यांमध्ये हवा शिरून पाण्याची धार तुटते. कोवळी रोपे तर पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. म्हणूनच दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित वृक्षांच्या जाती घटत जातात आणि अंजनी, जांभूळ, पिसा अशा काटक जातींचे प्राबल्य वाढते. चीन, जपानमधील अशाच रुंदपर्णी जंगलांची उत्तर सीमा मुख्यतः हिवाळ्यातील थंडी ठरवते. आपल्याकडे ते काम कोरडा काळ करतो.

बारामती, इंदापूरमध्ये ही मर्यादा पूर्ण ओलांडली जाते. येथे बाभूळ, हिवर, बोर आणि मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतेच टिकतात. पण याला ओसाड म्हणणे चूक आहे. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा आणि इंदापूरच्या माळावरील लांडगे या गवतावरच तगून आहेत. सरकारी नकाशांत मात्र अशा जमिनींची गणना बहुधा पडीक म्हणून होते. मग तेथे दाट वृक्षलागवडीचे बेत आखले जातात. रोपे पाण्यावाचून जळतात; जगलीच, तर सावलीत गवत मरते.

हवामानबदलामुळे कोरडा काळ लांबला, तर पहिला फटका घाटातील सदाहरित रोपांना बसेल. त्याची झळ माळापर्यंत पोहोचेल. कारण भीमाशंकरला उगम पावणारी भीमाच उजनीच्या जलाशयाच्या रूपाने इंदापूरच्या शिवाला भिडते. घाटात जंगल आणि माळावर गवत राखणे, ही एकाच पाण्याची राखण आहे.