कसाबची बिर्याणी : एका राष्ट्राने दिलेले उत्तर आणि आपली आठवण

१/
नोव्हेंबर उजाडला की वर्गात २६/११ चा विषय निघतोच. मी इतिहास शिकवतो. समोर बसलेली मुले हल्ल्याच्या वेळी जेमतेम रांगत होती. काहींचा तर जन्मही झाला नव्हता. तरी एक गोष्ट त्यांतल्या प्रत्येकाला पाठ असते : सरकारने कसाबला तुरुंगात बिर्याणी खाऊ घातली. आजचे लेखन या गोष्टीविषयी आहे, आणि तिच्या आड झाकल्या गेलेल्या एका फार मोठ्या गोष्टीविषयी.

२/
प्रथम घटनाक्रम. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे हल्ले चढवले. २९ तारखेच्या सकाळी ताजमधील कारवाई संपली, तोवर सुमारे साठ तास उलटले होते. १६६ जणांचे प्राण गेले होते.

३/
यांतील पन्नासहून अधिक माणसे एकट्या सीएसटी स्थानकावर मारली गेली. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत, बोचक्यांना टेकून बसलेली ही माणसे. स्थानकातील उद्घोषकाने आपली जागा न सोडता, ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याची वाट सांगितली नसती, तर हा आकडा आणखी वाढला असता. दूरचित्रवाणीचे कॅमेरे मात्र पुढचे तीन दिवस प्रामुख्याने ताजच्या घुमटावर खिळलेले राहिले.

४/
त्याच रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत धारातीर्थी पडले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यामुळे दहांपैकी एक जण जिवंत हाती लागला. पुढे जे घडले ते सारे या एका कृतीवर उभे आहे, हे लक्षात ठेवावे.

५/
आता स्वतःविषयी. त्या आठवड्यात मी काय म्हणत होतो? ‘खटला कशाला हवा? भर चौकात गोळी घाला.’ स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात, घरी जेवताना मी हे वाक्य अनेकदा उच्चारले. माझ्या आसपास कुणीही मला विरोध केला नाही. इतिहासाच्या शिक्षकाने असे म्हणावे यात विसंगती आहे, असे मलाही तेव्हा वाटले नाही.

६/
३ डिसेंबरला गेट वे ऑफ इंडियाजवळ हजारो नागरिक जमले. मीही त्यांत होतो. हातात मेणबत्ती होती आणि मनात पाकिस्तानपेक्षाही आपल्या राज्यकर्त्यांविषयी अधिक चीड होती. तोवर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला होता. राज्यात आर. आर. पाटील पायउतार झाले होते, आणि पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही जावे लागले. लोकक्षोभाची इतकी तत्काळ दखल आपल्याकडे क्वचितच घेतली गेली असेल.

७/
पण या क्षोभाचे आयुष्य किती? ३० एप्रिल २००९ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. ज्या दक्षिण मुंबईत ताज आहे, गेट वे आहे, सीएसटी आहे, त्या मतदारसंघात मतदान झाले ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. पाच महिन्यांपूर्वी घोषणा देऊन आमचे घसे बसले होते. मतदान केंद्रावर मात्र रांगा नव्हत्या.

८/
समाजाने दिलेले आणखी एक उत्तर फारसे आठवले जात नाही. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मुंबईतील मुस्लिम संस्थांनी दफनभूमीत जागा नाकारली. ज्यांनी निरपराधांना मारले त्यांना आमच्या मातीत स्थान नाही, अशी ती भूमिका होती. त्या वर्षीच्या बकरी ईदला अनेकांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या. दोन समाजांत फूट पाडणे हा ज्यांचा हेतू होता, त्यांचा डाव येथे फसला.

९/
राज्यसंस्थेने काय केले? डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर भारताने सीमेवर सैन्य उभे केले होते. ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने ती जमवाजमव कित्येक महिने चालली. २००८ मध्ये तो मार्ग घेतला गेला नाही. जानेवारी २००९ मध्ये पुराव्यांचा दस्तऐवज पाकिस्तानच्या हाती ठेवण्यात आला आणि कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे त्या देशाला फेब्रुवारीत मान्य करावे लागले. लष्करी प्रत्युत्तर न देणे योग्य होते की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. तो येथे मिटवण्याचा माझा मानसही नाही.

१०/
देशांतर्गत पातळीवर मात्र हालचाल वेगाने झाली. महिन्याभराच्या आत संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा कायदा केला आणि यूएपीए अधिक कठोर केला. एनएसजीचे कमांडो तोवर मानेसरहून विमानाने येत. आता मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे त्यांची केंद्रे उभी राहिली. घाईत केलेल्या कायद्यांची किंमतही असते : यूएपीएखालील जामिनाची वाट तेव्हा जी अरुंद झाली, ती आजही तशीच आहे.

११/
आणि मग आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. आरोपपत्र अकरा हजारांहून अधिक पानांचे. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी. पहिलीच अडचण अशी, की आरोपीला वकील मिळेना. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. न्यायालयाने एका महिला वकिलांची नेमणूक केली, तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला.

१२/
त्या जमावात मी नव्हतो, पण बातमी वाचून मला वाईटही वाटले नाही. संविधानाचा अनुच्छेद २२ अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क देतो. तेथे शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही. हा अनुच्छेद मी वर्गात शिकवत असे, आणि मुले तो परीक्षेत लिहून गुणही मिळवत असत.

१३/
खटल्यातील दोन प्रसंग मला आता महत्त्वाचे वाटतात. आपण अल्पवयीन आहोत, असा दावा आरोपीच्या वतीने केला गेला. न्यायालयाने तो हसण्यावारी न नेता वैद्यकीय तपासणी करवली आणि मगच फेटाळला. पुढे २० जुलै २००९ रोजी कसाबने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला. काम तिथेच आटोपता आले असते. पण कबुली अपुरी आहे, असे ठरवून न्यायाधीशांनी खटला पुढे चालवला. काही महिन्यांनी कसाबने ती कबुली फिरवली. खटला तिच्यावर विसंबून थांबवला असता, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

१४/
पुरावा उभा राहिला तो सामान्य माणसांच्या जोरावर. सहाशेहून अधिक साक्षीदार नोंदले गेले. त्यांत पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी होती. ती कुबडी घेऊन न्यायालयात आली आणि तिने आरोपीला ओळखले. सीसीटीव्हीची चित्रे, छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून टिपलेली दृश्ये, सूत्रधारांशी झालेली दूरध्वनी संभाषणे, हे सारे एकेक करून तपासले गेले.

१५/
बिर्याणीची गोष्ट याच काळातली. राखीपौर्णिमेच्या दिवशी न्यायालयात कसाबचे डोळे पाणावल्याची चर्चा माध्यमांत रंगली. त्यावर, आरोपीने मटण बिर्याणी मागितली आहे, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी पत्रकारांना सांगितले. २०१५ मध्ये जयपूर येथे त्यांनीच खुलासा केला, की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि सरकारने ती कधी दिलीही नव्हती. त्याच्या बाजूने तयार होणारी भावनिक लाट रोखण्यासाठी आपण ते रचून सांगितले होते.

१६/
तोवर ती गोष्ट घराघरांत पोहोचली होती. तिच्यावर विनोद झाले, भाषणे झाली, निवडणुकीच्या सभा गाजल्या. खुलासा वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून आला. तरीही गोष्ट जिवंत राहिली. माझ्या तोंडीही ती कितीतरी वर्षे होती. न्यायाची प्रक्रिया म्हणजे गुन्हेगाराचे लाड, ही आमची ठाम समजूत त्या एका ताटाने पोसली.

१७/
६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा सुनावली गेली. निकालपत्र १५२२ पानांचे होते. त्याच निकालाने दोन भारतीय आरोपींना २६/११ च्या आरोपांतून निर्दोष सोडले. त्यांनी काढलेला म्हणून जो नकाशा मृत दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचे सांगितले गेले, तो स्वच्छ निघाला. कपडे रक्ताने माखलेले, आणि कागदावर डाग नाही! हे न्यायाधीशांना पटले नाही. ही निर्दोषमुक्तता पुढे उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली.

१८/
सारा देश रक्त मागत असताना एक न्यायाधीश एका कागदाकडे निरखून पाहतो आणि ‘हे सिद्ध झालेले नाही’ असे लिहितो. कसाबच्या फाशीला वजन प्राप्त झाले ते या ओळीमुळे. जे न्यायालय आरोपीला सोडू शकते, त्याच न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर जग विश्वास ठेवते.

१९/
फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून आरोपीची बाजू मांडली. याच निकालपत्रात थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांवर कठोर ताशेरे आहेत : हल्ल्याचे सूत्रधार तीच दृश्ये पाहून आपल्या माणसांना सूचना देत होते. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली. हल्ल्याला चार वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते.

२०/
‘चार वर्षे लागली’ ही तक्रार मी स्वतः केली आहे. म्हणून दुसऱ्या एका खटल्याकडे पाहू. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. पुरावा विश्वासार्ह नाही, असा निष्कर्ष काढला. हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली असून प्रकरण तेथे गेले आहे.

२१/
एकोणीस वर्षांनंतर त्या कुटुंबांच्या हाती काय आहे? आपले माणूस कुणी मारले, याचे निःसंशय उत्तर त्यांच्यापाशी नाही. एकाच शहरातील, अवघ्या अडीच वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन हल्ले. पुराव्याला महत्त्व का द्यायचे, हे मला पूर्वी आरोपीच्या बाजूने विचारलेला प्रश्न वाटे. आता वाटते, हा प्रश्न खरा मृतांच्या बाजूचा आहे.

२२/
तुकाराम ओंबळे यांनी नळी सोडली नाही, म्हणून एक साक्षात पुरावा देशाला मिळाला. मी म्हणत होतो तसे चौकात गोळी घातली असती, तर त्यांनी प्राण देऊन मिळवलेले आपण दोन मिनिटांत उधळले असते. हा विचार माझ्या मनात यायला फार वर्षे लागली, याची खंत आहे.

२३/
हिशेब पूर्ण झाला असे मुळीच नाही. पाकिस्तानातील खटला रेंगाळला, लख्वीला जामीन मिळाला. हेडलीला अमेरिकेत पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयात दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष दिली. तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. वाट संथ आहे, पण ती अजून चालू आहे; आणि ती चालू राहण्यामागे आर्थर रोडमध्ये नोंदला गेलेला भक्कम पुरावा आहे.

२४/
गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, बिर्याणी खोटी होती, तर मग खरे काय होते?’ मी त्याला सांगितले : रायफल धरून ठेवणारे दोन हात, कुबडी घेऊन साक्षीला आलेली मुलगी, आणि डाग नसलेला एक कागद. त्याने ते वहीत उतरवून घेतले. पुढच्या नोव्हेंबरात तुमच्या घरी बिर्याणीचा विषय निघाला, तर एवढे तीन तपशील अवश्य सांगा.

इति.